सांभाळणाऱ्याने आजारी कधी पडायचं?

माझ्या मामींच्या बेंबीशी लिंबाएवढा फुगवटा आला, तेव्हा दोन महिने त्यांनी तो कुणाला दाखवलाच नाही. तिसऱ्या महिन्यात दुखायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेल्या. हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी जाल, फक्त पुढचे सहा आठवडे जड काही उचलायचं नाही.

"जड म्हणजे किती?" मामींनी विचारलं.

"भरलेली बादलीसुद्धा नको."

मामी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग ह्यांना कोण उचलणार?"

'हे' म्हणजे मामा. वय ७८, वजन ६२ किलो. चार वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेलेली आणि वाचाही जवळजवळ गेलेली. मामी ७१ वर्षांच्या. दिवसातून सात-आठ वेळा मामांना खाटेवरून उठवायचं, खुर्चीत बसवायचं, परत खाटेवर घ्यायचं, हे काम त्या एकट्या करतात. हर्नियाही बहुधा त्यातूनच आलेला.

मामींच्या प्रश्नावर डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं आणि असण्याची अपेक्षाही नाही, कारण त्यांच्या टेबलावर आलेला पेशंट एकच होता. विमा कंपनीकडेही उत्तर नव्हतं. खरं तर मामींची पॉलिसी अगदी व्यवस्थित होती. हप्ते वेळेवर भरलेले, वेटिंग पिरियड केव्हाच संपलेला, हर्निया त्यात बसणारा, दवाखाना कॅशलेसच्या यादीतला. ऑपरेशनची तारीख मिळाली. ती पुढे ढकलली. दुसरी मिळाली, तीही ढकलली. तिसऱ्या वेळी दवाखान्यातल्या मुलीने फोनवर जरा चिडूनच विचारलं, "आजी, तुम्हाला नक्की करायचंय ना?"

उतारवयातल्या जोडप्याचा आरोग्य विमा कागदावर दोघांचा असतो, प्रत्यक्षात तो दोघांपैकी एकालाच वापरता येतो. जो खाटेवर आहे त्याला. जो खाटेशेजारी उभा आहे त्याच्याकडे कार्ड असतं, आजारी पडायची मुभा नसते. म्हणून माझं म्हणणं असं की सांभाळणारा माणूस दवाखान्यात असताना आणि नंतर तो बरा होईपर्यंत, घरातल्या परावलंबी जोडीदाराची सोय करण्याचा खर्च हा सांभाळणाऱ्याच्या उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे. भूल देण्याच्या खर्चासारखा. भूल म्हणजे काही हर्नियाचा उपचार नव्हे, पण तिच्याशिवाय ऑपरेशन होत नाही, म्हणून विमा कंपनी तिचे पैसे निमूट देते. मामींच्या बाबतीत मामांजवळ बसणारा माणूस नेमका तसाच होता. त्याच्याशिवाय ऑपरेशन होत नव्हतं.

हे सांभाळणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नाही त्यांना कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. लुळ्या हाताला सदरा आधी घालायचा आणि काढताना तो हात सर्वांत शेवटी सोडवायचा, नाहीतर खांदा निखळतो. दर दोन तासांनी कड बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडाशी बेडसोर होतो आणि तो एकदा झाला की महिनोन्‌महिने जात नाही. अंगाखाली आडवी चादर ठेवायची आणि माणसाला ओढायचं नाही, चादर ओढायची. पाणी पाजताना हनुवटी छातीकडे टेकवायची, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. खुर्चीचे ब्रेक लावल्याशिवाय उठवायचं नाही. यातलं बरंचसं एका फिजिओने दोन दिवसांत दाखवलं, उरलेलं मामी चुकत चुकत शिकल्या. नर्सला हे शिकायला काही वर्षं लागतात आणि त्याचं तिला प्रमाणपत्र मिळतं. बायकोला 'तुम्ही आहात म्हणून बरं' एवढं वाक्य मिळतं.

परावलंबन मोजायचं एक साधन वैद्यकात आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९६३ मध्ये ते मांडलं. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण, या सहा गोष्टी माणूस स्वतः करू शकतो का, एवढंच ते विचारतं. दीर्घकालीन शुश्रूषेचे विमे आजही बहुधा याच यादीवर चालतात. सहापैकी दोन गोष्टी जमत नसतील तर दावा उभा राहतो. मामांना सहाही जमत नाहीत.

नेहमीच्या आरोग्य विम्यात मात्र हीच यादी उलटी वापरली जाते. भारताच्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं पाचवं कलम विश्रांतीसाठीचा प्रवेश, पुनर्वसन आणि सांभाळणाऱ्याला उसंत देणारी शुश्रूषा यांबद्दल आहे. आंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडाफिरायला मदत करणं, मग ते घरी असो की संस्थेत, शिकलेल्या नर्सने केलेलं असो की साध्या माणसाने, यांपैकी कशाचेही पैसे मिळणार नाहीत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे जे शब्द एका प्रकारच्या विम्यात मदतीचं दार उघडतात, तेच दुसऱ्यात ते बंद करतात. अमेरिकेतला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, १९६५ मध्ये कायदा झाल्यापासून हेच म्हणत आलाय की आम्ही उपचाराचे पैसे देऊ, नुसत्या सांभाळण्याचे नाही. विम्याच्या जगात उपचार आणि सांभाळ यांच्यामध्ये भिंत आहे. घरात अशी भिंत कुठे नसते. गोळी देणं हा उपचार, ती गिळली का ते पाहणं हा सांभाळ, आणि ती गिळली नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही.

शिवाय कॅट्झ यांच्या यादीतही एक काम दिसत नाही. जागं राहण्याचं. स्मृतिभ्रंश झालेला माणूस स्वतः आंघोळ करू शकतो, कपडे घालू शकतो, जेवतो. फक्त नळ बंद करायचा विसरतो, पहाटे तीनला दार उघडून बाहेर पडतो. त्याच्या बायकोला न्हाणीघराच्या दाराशी उभं राहावं लागतं. हे उभं राहणं कोणत्या मिनिटात मोजणार? जर्मनीने शुश्रूषेचा सक्तीचा विमा १९९५ मध्ये सुरू केला आणि पुढे वीसेक वर्षं कामांची मिनिटं मोजून पात्रता ठरवली. शरीराने धड आणि डोक्याने हरवलेली माणसं त्यात सतत कमी पडत राहिली. २०१७ मध्ये त्यांनी ती मोजणी मोडली आणि स्वावलंबन किती उरलंय यावरून पाच श्रेणी केल्या. चूक उमगायला दोन दशकं लागली, पण निदान उमगली.

आता कुणी म्हणेल, नवराबायकोनं एकमेकांना सांभाळायचं नाही तर कुणी सांभाळायचं? हा प्रश्न मला गैर वाटत नाही. मामींना सांभाळायचंच आहे. मामांना एखाद्या संस्थेत ठेवा म्हटलं तर त्या सांगणाऱ्याला घराबाहेर काढतील. प्रश्न त्यांच्या इच्छेचा नाहीच. त्या इच्छेची किंमत त्यांचं शरीर मोजतंय आणि ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही, ही तक्रार आहे.

ती किंमत मोजली गेलेली आहे. १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि तशाच वयाच्या, पण ती जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. मला या प्रयोगाचं विलक्षण वाटतं ते असं की इथे कुणाला 'तुम्हाला ताण वाटतो का' असं विचारून निकाल काढलेला नाही. कातडीनेच उत्तर दिलं. ऑपरेशननंतर मामींची जखम भरायलाही जास्त दिवस लागणार असतील, तर सहा आठवड्यांचं हे गणित त्यांना पुरेल का, हा माझा आपला एक वेगळाच प्रश्न.

चार वर्षांनी रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या दोन संशोधकांनी जोडीदाराबरोबर राहणाऱ्या, ६६ ते ९६ वयाच्या आठशेहून जास्त माणसांचा चार वर्षांचा मागोवा मांडला. जोडीदाराला सांभाळणाऱ्यांपैकी ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचं प्रमाण न सांभाळणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा सगळीकडे फिरतो आणि फिरताना त्यातला 'ताण जाणवत होता' हा भाग गळून पडतो. सांभाळत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांमध्ये तशी वाढ दिसली नव्हती. पुढे २०१३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तर नातेवाइकांना सांभाळणारे एकूणात जास्त जगतात असंच निघालं. मला यात विसंगती वाटत नाही. माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडणं मारत नाही. रात्रीमागून रात्र एकट्याने, पर्यायाशिवाय, सुटीशिवाय उपयोगी पडावं लागणं मारतं. आणि हा फरक पैशाने, माणसांनी, व्यवस्थेने बदलता येतो.

२००६ मधला निकोलस क्रिस्टाकिस आणि पॉल अ‍ॅलिसन यांचा अभ्यास आणखी एक पाऊल पुढे जातो. मेडिकेअरमधल्या पाच लाखांहून जास्त जोडप्यांमध्ये त्यांनी पाहिलं की एकजण दवाखान्यात दाखल झाला की दुसऱ्याच्या मृत्यूची शक्यता वाढते, पण सगळ्या आजारांत सारखी नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने जवळपास फरक पडत नव्हता. स्मृतिभ्रंशाने आणि मानसिक आजाराने मोठा पडत होता. म्हणजे जोडीदार मरण्याच्या भीतीपेक्षा तो परावलंबी होऊन जगण्याचा भार दुसऱ्याला जास्त खातो. विमा नेमका उलटा बांधलेला आहे. जीवघेण्या आजाराला तो भरभरून देतो, रेंगाळणाऱ्याला हात आखडता घेतो.

जोडप्याकडे जोडपं म्हणून पाहायचं की दोन सुटी माणसं म्हणून, याबाबत तर विम्याने सोयीस्कर गोंधळ करून ठेवलाय. अमेरिकेत मेडिकेअर ६५ व्या वर्षी ज्याचा त्याला मिळतो. नवरा ६६ चा होऊन निवृत्त झाला, नोकरीतला विमा संपला आणि बायको ६० ची असेल, तर तो छत्राखाली आणि ती बाहेर. भारतात ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना उत्पन्न न बघता ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना खुली झाली, हे उत्तमच झालं. पण ७२ च्या नवऱ्याची सेवा करणारी ६६ ची बायको त्या वाढीव योजनेत येत नाही. ती सत्तरीची झाली की येते, पण मग वर्षाची मर्यादा दोघांत मिळून एकच. खासगी फॅमिली फ्लोटरमध्येही, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीतही, हीच गंमत. हप्ता ठरवताना जास्त वयाच्या माणसाकडे बघायचं आणि रक्कम वापरायची वेळ आली की दोघांनी एकाच ताटात. खाटेवरच्याने जुलैत ताट संपवलं तर सांभाळणाऱ्याने पुढच्या नूतनीकरणापर्यंत पडायचं नाही, मोडायचं नाही. जिथे माणसं वेगळी धरायला हवीत तिथे एकत्र, आणि जिथे एकत्र धरायला हवीत तिथे वेगळी.

एकत्र धरण्याची हौस सर्वांत क्रूर झाली ती अमेरिकेतल्या मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात. नर्सिंग होमचा खर्च हवा तर आधी निर्धन व्हा, हा नियम. १९८८ मध्ये कायदा बदलेपर्यंत त्यात घरी राहिलेला जोडीदारही जवळजवळ निर्धन होत असे. त्यावर वकील सल्ला द्यायचे की घटस्फोट घ्या. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांना, एकाच्या स्मृतिभ्रंशासाठी.

विमा कंपन्यांचा आणि सरकारी हिशेबनिसांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, घरचं माणूस जे फुकट करतंय त्याचे पैसे द्यायला लागलो तर घरचं माणूस ते करणं सोडेल, आणि मग हा खर्च आभाळाला भिडेल. यात तथ्य आहे. म्हणूनच जपानने २००० मध्ये शुश्रूषा विमा आणला तेव्हा घरच्यांना रोख पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. गंमत म्हणजे तिथे काटकसरवाल्यांबरोबर महिला संघटनांचाही रोख पैशांना विरोध होता. त्यांची भीती वेगळी होती. हातावर चार पैसे ठेवले की सुनेला आणि बायकोला त्या खाटेशी कायमचं बांधून टाकता येईल. म्हणून पैसे नकोत, माणसं पाठवा. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरज पडली की घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, काही दिवसांचा मुक्काम, अशी सेवा घ्यायची. तरीही त्या देशात 'रोरो काइगो', म्हणजे म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला सांभाळणं, हा शब्द रूढ झालाच. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार एका घरात राहून सांभाळ चालतो अशा जोड्यांपैकी ६३ टक्क्यांहून अधिक जोड्यांत दोघंही ६५ च्या पुढचे होते. दोघांनाही स्मृतिभ्रंश असेल तर त्याला त्यांनी आणखी एक शब्द केलाय.

जर्मनीने रोख आणि सेवा यांपैकी काय हवं ते निवडायला सांगितलं, पण रोख घेतली तर ती सेवेच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. बाहेरची बाई आली तर तिचं काम पूर्ण किमतीचं, तेच बायकोनं केलं तर अर्ध्याहून कमी. ब्रिटनने तर कळसच केला. १९७६ मध्ये परावलंबी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला आणि विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलं. त्या तशाही घरीच असतात, असा विचार. जॅकलिन ड्रेक या विवाहित बाई आपल्या आईला सांभाळत होत्या. त्यांचं प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये ही वगळणूक भेदभाव ठरली. आजही तिथे सरकारी पेन्शन सुरू झालं की हा भत्ता बहुतेकांना हातात पडत नाही, कारण एकाच वेळी दोन नको. त्यामुळे म्हाताऱ्या जोडीदारांना त्याचा उपयोग थोडा.

आता या आक्षेपाचं माझं उत्तर. मी मामींना पगार द्या म्हणत नाही. त्या वादात शिरायची इथे गरजही नाही. माझी मागणी फार लहान आहे आणि विम्याच्याच तर्कात बसते. विमा कशाचा काढता येतो? जी घटना अचानक येते, जी तपासता येते आणि जी कुणी हौसेने ओढवून घेत नाही, तिचा. सांभाळणाऱ्या माणसाला दवाखान्यात दाखल व्हावं लागणं ही तशीच घटना आहे. तिला तारीख असते, डॉक्टरचा कागद असतो, डिस्चार्ज कार्ड असतं. घरी परावलंबी जोडीदार आहे याचाही कागद असतो, कारण अनेकदा त्याच कंपनीने त्याचे क्लेम दिलेले असतात. घरच्यांनी आळस करावा म्हणून कुणी पोट फाडून घेत नाही. यात फसवणुकीला जागा असेलच तर इतर कुठल्याही क्लेमइतकीच.

आणि हे कुठे होत नाही असंही नाही. जर्मनीत सांभाळणारा आजारी पडला किंवा त्याला नुसती सुटी हवी असली, तरी वर्षातून काही आठवडे बदली माणसाचा खर्च शुश्रूषा विमा उचलतो. सांभाळताना तो घसरून पडला आणि हाड मोडलं, तर कारखान्यातल्या कामगारासारखा त्याला सरकारी अपघात विमा लागू होतो. त्यासाठी आठवड्यातले किमान दहा तास सांभाळण्यात जात असले पाहिजेत; मामी तेवढे तास मंगळवारी दुपारपर्यंत संपवतात. १ जुलै २०२४ पासून तर सांभाळणारा स्वतःच्या पुनर्वसनासाठी संस्थेत दाखल झाला तर परावलंबी माणसालाही बरोबर नेता येतं आणि त्याच्या शुश्रूषेचा खर्च विमा देतो. मला हव्या असलेल्या कलमाच्या सर्वांत जवळ जाणारी ही तरतूद. अमेरिकेतही जुलै २०२४ मध्ये मेडिकेअरने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक प्रायोगिक योजना सुरू केली, तिच्यात सांभाळणाऱ्याला प्रशिक्षण आणि बदली शुश्रूषेचे थोडे पैसे आहेत. साठ वर्षांत भिंतीला पडलेली ही एक फट.

मामींचं पुढे काय झालं ते सांगतो. तिसरी तारीख ढकलल्यावर पाचव्या आठवड्यात, मामांना उठवताना, आतडं त्या फुगवट्यात अडकलं. रात्री अकराला इमर्जन्सी ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला, तीन दिवस आयसीयू, एकूण अकरा दिवस दवाखाना. कंपनीने सगळं बिल दिलं. ठरवून केलं असतं तर झाला असता त्याच्या चौपट. सहा आठवड्यांचा एक मदतनीस त्या फरकात आरामात बसला असता आणि वर पैसे उरले असते. कंपनीचा तोटा, मामींचा तोटा, फायदा कुणाचाच नाही.

त्या अकरा दिवसांत मामा कुठे होते? मुलगा परगावाहून आला तो दोन दिवसांनी. पहिल्या दोन रात्री मी होतो. मामांकडे आता एकच शब्द उरलाय, 'नको'. पाणी देऊ? नको. कड बदलू? नको. मी भाचा असून मला हे माहीत नव्हतं की ते हो म्हणायचं असलं तरी 'नको'च म्हणतात, फक्त शेवटचा स्वर जरा लांबवतात. रात्रभर मी त्यांच्या नकोला मान दिला. सकाळी ओठ फुटले होते आणि कमरेखाली लाल चकंदळ उठलं होतं. फोनवर मामींना सांगितलं तर आयसीयूतून, खोल गेलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "अरे, स्वर ऐकायचा." तेव्हा बदली माणूस पाठवला की झालं, असंही नाही. त्याला चार दिवस आधी घरात येऊन सांभाळणाऱ्याबरोबर उभं राहिलं पाहिजे आणि त्या चार दिवसांचे पैसेही त्याच क्लेममध्ये धरले पाहिजेत. ठरवून केलेल्या ऑपरेशनला हे शक्य असतं. इमर्जन्सीला नसतं.

तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी माणुसकीने मार्ग काढला. मामांचं सोडियम जरा कमी होतं, त्यावर त्यांना त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर दाखल करून घेतलं. आठ दिवस नर्सनी सांभाळलं. क्लेम गेला आणि नामंजूर होऊन आला. सक्रिय उपचारांची गरज दिसत नाही, विश्रांती आणि शुश्रूषेसाठीचा प्रवेश पॉलिसीत बसत नाही. वर उल्लेख केलेलं पाचवं कलम. मुलगा संतापला, तक्रार करू म्हणाला. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला मान्य करावं लागलं की कंपनीचं बरोबर होतं. सोडियम हा बहाणाच होता. खरं कारण लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. 'बायको आयसीयूत आहे' हे नवऱ्याला दाखल करण्याचं कारण म्हणून कुठल्याही यादीत बसत नाही. प्रामाणिक डॉक्टरला खोटं आणि प्रामाणिक कंपनीला निष्ठुर व्हायला लावणारा नियम असेल, तर तो नियम लिहिणाऱ्यांनी पुन्हा उघडून बघायला हवा. नियामकाच्या हातात ते आहे. वयाच्या ६५ नंतर नवी पॉलिसी देण्याबाबतची अट २०२४ मध्ये नव्या नियमावलीने गेली. पाचव्या कलमालाही एक अपवाद जोडता येईल: सांभाळणारा स्वतः दाखल असेल तेव्हा वगळून.

मुलांचं काय, असं विचारणारे भेटतात. मुलगा दहा दिवस राहिला, सून नंतर एक आठवडा. दोघांनी बिनपगारी रजा काढली. सहा आठवडे कुणाला मिळत नाहीत. मामी घरी आल्या त्याच्या सोळाव्या दिवशी मी गेलो, तेव्हा पोटाला पट्टा बांधून त्या मामांची कड बदलत होत्या. मी रागावलो, तर म्हणाल्या, "उचलत नाहीये रे. चादर ओढतेय."

यंदा विमा रक्कम वाढवून घ्यायचा फॉर्म आला, मी भरायला बसलो. पॉलिसी पहिल्यापासून मामांच्या नावावर आहे. मुख्य विमेदार: मामा. त्यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती: मामी. सहीच्या जागी अंगठा लागणार होता. मामींनी शाईचा पॅड आणला, मामांचा डावा हात हातात घेतला. मामा म्हणाले, "नको."

"हो म्हणतायत," मामी म्हणाल्या आणि अंगठा दाबला.